बिनतेलाच्या चकल्या

३ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

फोनच केला असता, पण तुमचं कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि मग आपण दोघी एकमेकींना नुसतं "काय?", "काय?" करत बसतो. शिवाय जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. ह्यांच्या कानावर गेलं तर वाईट वाटेल त्यांना. म्हणून लिहायला बसले.

तुमचा भाऊ दवाखान्यातून घरी आला. हृदयाच्या नळीत जी स्प्रिंग बसवली ती नीट बसली आहे असं डॉक्टर म्हणतात. शिवणाचं दुकान उघडायला अजून अवकाश आहे, तरी काल गळ्यात टेप अडकवून घरातच येरझाऱ्या घालत होते. मी म्हटलं, भिंतींची मापं घ्यायचीत का. तेव्हा कुठे जरासे हसले.

आता मुद्दा. घरी सोडायच्या आधी तिथल्या आहाराच्या बाई आल्या. खोलीत आणखी पेशंट, त्यांची माणसं. बाईंनी विचारलं, "रोज काय खाता ते खरं खरं सांगा." हे छाती पुढे काढून म्हणाले, "बहिणीच्या हातच्या चकल्या. तिचं स्वतःचं दुकान आहे. दर महिन्याला डबा येतो." वर्गात पहिला नंबर आल्याचं सांगावं तसं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, भाजणी चांगली, तांदूळ आहे, डाळी आहेत, तिच्याशी माझं भांडण नाही. पण चकली तळली की तेल पिते. वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा तेलच धरा, वर मीठ. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलेलं असेल तर विचारूच नका. मग म्हणाल्या, "बहिणीला सांगा, माया असेल तर पाठवू नका." सगळी खोली ह्यांच्याकडे बघत होती. ह्यांनी मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही.

वन्सं, सासूबाई गेल्या तेव्हा हे शाळेतही जात नव्हते. तुम्ही त्यांना वाढवलंत हे मला माहीत आहे. त्या हातांना नको म्हणायची मला खरंच लाज वाटते. पण डबा आता पाठवू नका. रागावू नका.

तुमची वहिनी

———

११ फेब्रुवारी

वहिनी,

तू माझ्याहून लहान, तरी पहिल्या दिवशी जे वहिनी म्हटलं ते तोंडात बसलं. तेव्हा आता तुझ्यावर रागावायचं म्हटलं तरी "वहिनी" म्हणूनच रागवावं लागणार, आणि त्यात काही जोर येत नाही. म्हणून रागावले नाही.

वाईट मात्र वाटलं. खोटं कशाला बोलू. तुझं पत्र वाचलं आणि दुकानाची फळी अर्धी ओढून आत येऊन बसले. बाहेर गिऱ्हाईक टकटक करत होतं. उठले नाही. माझ्या भावाला चार परक्या माणसांत मान खाली घालावी लागली, आणि ती माझ्यामुळे. तेल मी जपून वापरते, काळं झालेलं कढईत ठेवत नाही, हे त्या बाईंना सांगायला धावत यावंसं वाटलं. मग लक्षात आलं, स्वच्छ तेल झालं म्हणून काय, ते पोटात जायचं थोडंच राहतं. ते तर मी अर्ध्या गावाला रोज विकते. आजवर कोणाच्या छातीचा विचार केला नव्हता, आणि निघाली ती माझ्या भावाची, पिल्याचीच.

आई गेल्यावर पिल्या जेवायचा नाही. दिवसच्या दिवस नाही. मी तेव्हा लोकांसाठी चकल्या तळून द्यायचे, तुटलेले तुकडे बाजूला पडायचे. ते तो कढईशेजारी बसून खायचा. नंतर नंतर मी मुद्दाम तोडायचे. असा तो जगला, असं मला वाटतं. डॉक्टरला वेगळं वाटत असेल. म्हणून तुला सांगते, माझ्याच्याने रिकाम्या हाताने त्याच्या दारात येववत नाही. पाय उचलत नाही माझा.

तर उपाय काढला आहे. ओव्हन आणला. चकल्या भाजायच्या, तळायच्याच नाहीत. मीठ निम्मं. पिठात मोहन अगदी चमचाभर, नाहीतर ते बांधलंच जात नाही. सोबत डबा आहे. त्या बाईंना विचार, त्यांनी हो म्हटलं तरच त्याला दे. आणि तो काय म्हणतो ते मला कळव.

तुझी नणंद

———

२५ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

बाईंना विचारलं. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, भाजलेली असेल, मीठ कमी असेल, तर दुपारी लहान वाटीभर चालेल, बिस्किटांपेक्षा बरीच. मी तुमचं कौतुक केलं. म्हटलं, या वयात ओव्हन आणून शिकल्या.

आता ह्यांचं. खोटं लिहू नको असं तुम्हीच सांगता, म्हणून लिहिते. ह्यांनी एक चकली उचलली, चावली, थांबले, पुन्हा चावली. मग दुसऱ्या बाजूच्या दातांनी प्रयत्न केला. शेवटी म्हणाले, "छान आहे. ताईला कळव छान आहे म्हणून." आणि डब्याला झाकण लावलं. त्या दिवसानंतर झाकण उघडलं नाही. मी चहात बुडवून एक खाल्ली. वन्सं, माफ करा, पण मला कपाचीच काळजी वाटली.

चव नाही म्हणून दुःख नाही. दुःख असं की हे जेवताना बोलतच नाहीत. ताटातलं संपवतात, उठतात. पूर्वी तुमचा डबा फोडताना कसे गात असायचे. दुकान उघडलंय, पण गिऱ्हाईकाशीही दोन शब्द बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, या आजारानंतर माणूस असा होतो, वेळ द्या. देते आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

तुमची वहिनी

———

६ मार्च

वहिनी,

पिल्याने "छान आहे" म्हटलं म्हणजे काय ते मला कळतं. लहानपणी मी शिवलेला सदरा एका बाहीने तोकडा झाला तेव्हाही तो "छान आहे" म्हणाला होता आणि दिवसभर एक हात पाठीमागे धरून फिरला होता. त्यानंतर तो स्वतःच शिवायला शिकला.

या खेपेला जमल्या आहेत. ओव्हनची एक युक्ती हाताला लागली. विचारू नकोस, लिहून सांगता येण्यासारखी नाही. फक्त डब्याच्या तळाशी आणि प्रत्येक थरात कागद घातलाय तो काढू नकोस, त्याने कुरकुरीतपणा टिकतो. पीठ जरा भुरभुरलेलं दिसेल, ते झटकून दे.

हा डबा संपला की बघू. सारख्या सारख्या पाठवणार नाही.

तुझी नणंद

———

२० मार्च

वन्सं,

काय लिहू तुम्हाला. ह्यांनी पहिली चकली तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मला वाटलं, छातीत दुखतंय. तर डोळे उघडून म्हणाले, "ताई आहे ही." वर दुसरी घेतली. बऱ्याच दिवसांनी त्या दुपारी माझ्याशी तासभर बोलत बसले, कोण गिऱ्हाईक पोट आत ओढून माप देतं वगैरे. मी आत जाऊन डोळे पुसले.

आता रोज वाटीभर देते. थोड्या कागदात बांधून दुकानातही नेतात. मी म्हटलं, न्या, बिनतेलाच्याच आहेत. डबा संपत आला, दुसरा लवकर पाठवा.

आणखी एक. तपासणीला गेलो तेव्हा आहाराच्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी हृदयाच्या पेशंटांचं एक मंडळ केलं आहे, महिन्यातून एकदा सगळे जमतात. त्या मंडळाला तुमच्या चकल्या द्यायच्या आहेत त्यांना. म्हणाल्या, लोकांना कळू दे की जुना पदार्थ टाकून द्यायला लागत नाही, करायची रीत बदलली की झालं. सगळ्यांना पुरेल असा डबा पाठवाल ना? मी सर्वांसमोर कबूल करून बसले आहे.

तुमचीच, आणि आज फार आनंदात,
वहिनी

———

२ एप्रिल

वहिनी,

मंडळाचं जमणार नाही. ओव्हन बिघडलाय, दुरुस्तीवाला आज येतो उद्या येतो करतोय. एवढ्या माणसांचं माझ्याच्याने होणार नाही, वय झालं. त्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि विषय संपव.

पिल्यासाठी डबा पाठवते आहे, पण लहान. आणि ऐक, वाटीभर कशाला देतेस? एखाद-दुसरी दे. भाजलेलं असलं म्हणून काय, खाणं ते खाणंच. रोज तर नकोच. दुकानात नेऊ देऊ नकोस. मी सांगितलं म्हणून सांग त्याला.

त्याला चालायला लावतेस ना? गोळ्या घेतो ना वेळेवर? वजन करून कळव.

तुझी नणंद

———

५ मे

वन्सं, नमस्कार.

हे पत्र रागात लिहितेय, अक्षर लागलं नाही तर सांभाळून घ्या.

ह्यांचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल उतरायचं सोडून वर गेलंय, रक्तदाबही वाढलाय, वजन तर दिसतंच आहे. डॉक्टर आजवर कधी आवाज चढवून बोलले नव्हते. गेल्या आठवड्यात म्हणाले, "असंच चाललं तर दुसरी नळी बंद होईल, आणि दर वेळी वेळेवर पोचता येतंच असं नाही. बाहेर काय खाता?" हे गप्प. मी म्हटलं, अहो, सांगा ना. गप्प. गोळी दुप्पट केली. तिने ह्यांचे पाय इतके दुखतात की मशीनचं पायडल मारता मारता मध्येच थांबावं लागतं.

मी जेवणावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवते. तुपाची वाटी कपाटात, लोणचं शेजारणीकडे. म्हणजे हे बाहेर खातात, दुसरं काय? काल शाळेतलं निकालाचं काम आटपल्यावर मी घरी न येता सरळ दुकानात गेले.

बँकेतले साहेब मापाला उभे होते, दोन्ही हात पसरून. ह्यांच्या हातात टेप. मी आत जाऊन सांगितलं, खिसे रिकामे करा. हे बघतच राहिले. इतकी वर्षं परीक्षेला पोरांचे कंपास तपासलेत मी, मला कोणाला काही विचारावं लागत नाही. मीच त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. खडू निघाला, बटणं निघाली. मग कटिंगच्या टेबलाचा खण ओढला. आत कापड बेतायचा पॅटर्नचा कागद घडी करून ठेवलेला, आणि त्यावर हा एवढा तेलाचा डाग. आरपार दिसत होतं. मी तो साहेबांसमोर उजेडात धरला. म्हटलं, "हे तेल कुठलं?"

हे कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कोपऱ्यावरच्या गाडीवर तळलेलं खाल्लं. चुकलं."

साहेबांचे हात अजून तसेच पसरलेले होते. ते म्हणाले, "मी नंतर येतो." आणि गेले.

मी तिथून त्या गाडीवाल्याकडे गेले. त्याला जे बोलले ते लिहीत नाही. तो पुन्हा पुन्हा सांगत होता की बाई, शिंपीदादा माझ्याकडे कधी आलेच नाहीत. मी म्हटलं, तुम्ही सगळे मिळालेले आहात.

वन्सं, मला लाज वाटते की माझा नवरा लहान मुलासारखा चोरून खातो. तुम्ही तिकडे एकट्या, गुडघे दुखत असताना बिनतेलाचं करून पाठवता, आणि ह्यांना त्याची किंमत नाही. तुमच्या जिवावर मी त्या बाईंसमोर मोठेपणा मिरवला. आता ह्यांना बाहेरची हावच होऊ नये म्हणून मी तुमच्या नव्या डब्यातल्या चकल्यांची वाटी मोठी केली आहे. सकाळीही देते.

तुम्हीच दोन शब्द लिहा त्यांना. चांगले कडक लिहा. ते जगात कोणाला भीत असतील तर तुम्हाला.

तुमची वहिनी

———

१० मे

वहिनी,

हे पत्र आधी वाचू नकोस. आधी उठ, डबा घे आणि कचऱ्यात टाक. दुकानात पुडी असेल तीही आणायला सांग. मग वाच.

त्या चकल्या तळलेल्या आहेत. पहिला डबा तेवढा खरा भाजलेला होता. तेव्हापासून जे जे पाठवलं ते सगळं कढईतून निघालेलं आहे. ओव्हन बिघडलेला नाही. त्यावर मी डबे ठेवते.

कसं झालं ते सांगते. मी दुसऱ्यांदाही भाजून बघितल्या होत्या, तिसऱ्यांदाही. दगड. शेजारी गिऱ्हाईकाच्या चकल्या तळत होत्या. त्यातली एक झाऱ्यावर आली, अशी फुललेली, काटे उभे, आणि तुझं ते वाक्य डोक्यात आलं की झाकण पुन्हा उघडलं नाही. हातच वळला माझा. आधी म्हटलं, चार घालू भाजलेल्यांत. मग भाजलेल्या बाजूला केल्या. कागदात दाबून दाबून वरचं तेल टिपलं. थोडा वेळ ओव्हनमध्ये ठेवल्या, कोरड्या दिसाव्यात म्हणून. कापडावर तेल सांडलं की पिल्या त्यावर खडूची भुकटी टाकतो आणि डाग ओढून घेतो, ते मी कितीदा पाहिलंय. तसं मी चकल्यांवर कोरडं पीठ भुरभुरलं. वरचं गेलं. आतलं कुठे जाणार होतं?

एकदाच, असं ठरवलं होतं. मग तुझं पत्र आलं, त्याने डोळे मिटले, तो बोलायला लागला. ते पत्र मी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवलं. त्यानंतर खरं सांगायचं म्हणजे तुमच्या घरातला तो आनंद परत मागून घ्यायचा. तो धीर झाला नाही. कमी दे, रोज देऊ नकोस, असं लिहीत राहिले, जणू मीच डॉक्टर. मंडळाला नाही म्हटलं तेवढीच काय ती अक्कल शिल्लक होती.

खरं कारण याहून वाईट आहे, तेही लिहिते. माझ्या हातचं त्याला नकोसं झालं, हे मला सोसलं नाही. त्या बाईंनी "माया असेल तर" म्हटलं होतं. मला मायेपेक्षा माझ्या चकलीचा मान मोठा वाटला. त्याच्या छातीत काय चाललंय ते कळत असून मी वर पीठ भुरभुरत बसले.

आणि तुला मी काय करायला लावलं. तू त्याच्या खिशात हात घातलास तो माझ्या भरवशावर. तो गाडीवाला शिव्या खाऊन बसला. तो कागदावरचा डाग माझा आहे, वहिनी. पिल्याने बाहेर काही खाल्लं असेल असं मला वाटत नाही. मग तो तसं का म्हणाला, ते मला विचारू नकोस. मला कळलंय, आणि त्या कळण्याने तोंड लपवायला जागा उरलेली नाही.

कडक शब्द लिही म्हणालीस. त्याला लिहायला हात धजत नाही. हेच पत्र त्याला दाखव. मी दुकान बंद ठेवलं आहे. तुझं उत्तर येईपर्यंत कढई चढवणार नाही. उत्तर आलं नाही तरी मी समजून घेईन.

नणंद

———

१९ मे

वन्सं,

पत्र मिळालं त्याच दिवशी डबा टाकला. उत्तर द्यायला उशीर केला, कारण आधी जे जे लिहिलं ते सगळं फाडलं. शाळेत पोरांना सांगते तसं स्वतःला सांगितलं, राग उतरल्यावर लिही. पुरता उतरलेला नाही. पण तुम्ही कढई चढवत नाही म्हणालात, तुमचं पोट त्यावर आहे, म्हणून लिहिते. दुकान उघडा.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी गोळी पुन्हा पहिल्याइतकी केली, पाय जरा बरे आहेत. रक्त थोड्या दिवसांनी पुन्हा तपासतील.

आहाराच्या बाईंकडे गेले. मंडळाचीच बैठक चालू होती, सगळे बसलेले. मी वळून परत येणार होते, तर बाईंनीच हाक मारली, "या, या, भाजलेल्या चकल्या कुठपर्यंत आल्या?" मला सगळ्यांसमोर सांगावं लागलं की त्या भाजलेल्या नव्हत्या. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एक आजोबा म्हणाले, "माझी सूनही भाजलेलं म्हणूनच देते."

गाडीवाल्याकडे गेले. माफी मागितली. तो म्हणाला, "बाई, मी तेव्हाही हेच सांगत होतो." इतकंच. त्याने कढईतला झारा हलवणं थांबवलंसुद्धा नाही.

राहिले हे. तुमचं पत्र मी ह्यांच्या ताटाजवळ ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाले, "साहेबांचा कोट राहिलाय." आणि गेले. बँकेतले साहेब आता दुसऱ्या शिंप्याकडे जातात, वन्सं. मला ठाऊक आहे, मी रोज त्याच रस्त्याने येते. हे म्हणाले तो कोट कोणाचाच नव्हता.

मी ह्यांची माफी अजून मागितलेली नाही. रोज ठरवते. चारचौघांत खिशात हात घातला, आणि माफी मात्र घराच्या आत मागायची, हे मला बरोबर वाटत नाही. आणि बाहेर मागायला जीभ उचलत नाही. तुम्हाला बोलायला माझ्याकडे खूप होतं, पण या एका गोष्टीपाशी येऊन मी तुमच्यासारखीच होऊन बसते.

वहिनी

———

८ जून

ताई,

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. शाळेत असताना मामांना लिहायचं पत्रसुद्धा तूच लिहायचीस आणि खाली मी सही करायचो. आज दुकानात बसून लिहितोय, पाठकोऱ्या पॅटर्नच्या कागदावर. हा कागद कोरडा आहे.

मला पहिल्या घासाला कळलं होतं. मी कढईशेजारी वाढलो. तळलेली चकली कुठल्या दाताखाली कशी मोडते हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल. मी डोळे मिटले ते चवीने नाही. आता काय करायचं, हे ठरवायला मिटले. आणि डोळे उघडून काय केलं, तर दुसरी उचलली.

हिने तुझं पत्र दिलं तेव्हा तू सगळं स्वतःवर घेतलेलं वाचलं. ते तसं नाही. गाडीवर खाल्लं म्हणालो ते तुझ्यासाठी, एवढं खरं. हिच्या हातात तो कागद होता, साहेब उभे होते, मला दुसरं काही सुचलं नाही. पण त्याच्या आधी रोज वाटी रिकामी केली ती माझ्यासाठी. ही मला भाजलेलं समजून वाढत होती, माझ्या तोंडाकडे बघून खूश होत होती. मी एकदा म्हटलं असतं, अगं हे तळलेलं आहे, तर संपलं असतं. तुला फार तर आठवडाभर वाईट वाटलं असतं. मी नाही म्हटलं. पुड्या बांधून दुकानात नेल्या. डॉक्टर विचारत होते तेव्हा गप्प बसलो, ते तुझी अब्रू राखायला, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर वाटी बंद होईल म्हणून गप्प बसलो.

तेव्हा हिने झडती घेतली ती बरोबरच घेतली. चोर मी होतोच. फक्त माल खिशात नव्हता, वाटीत होता, आणि तो हीच वाढत होती.

हे सगळं मी हिला परवा सांगितलं. दुकानात सांगितलं. बटणांची काजं करणारी बाई होती, एक गिऱ्हाईक पँट घालून बघत होतं, त्यांच्यासमोर. ही आली होती माझी माफी मागायला. घरून ठरवून आली असावी, कारण दारातच उभी राहिली आणि शाळेत भाषण करतात तशी सुरुवात केली. मी म्हटलं, थांब, आधी माझं ऐक. तिने ऐकलं. मग स्टुलावर बसली आणि म्हणाली, "म्हणजे या घरात खरं बोलणारा तो गाडीवाला एकटाच." गिऱ्हाईक पडद्याआडून हसलं. आम्ही नाही हसलो. पण ती उठून गेली नाही, दुकान बंद होईपर्यंत बसून राहिली, बटणं रंगाप्रमाणे वेगळी करत.

आता ती स्वतः करते. त्या आहाराच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे, ब्रशने तेलाचा नुसता हात फिरवून, भाजून. तुझ्या पहिल्या डब्याहून टणक. दुपारी दोन मिळतात. खायच्या आधी मी चकली पॅटर्नच्या कागदावर ठेवतो, दाबतो, आणि कागद उजेडात धरून तिला दाखवतो. तिने सांगितलेलं नाही, माझं मीच सुरू केलं. ती बघत नाही. "खा आता," म्हणते आणि तोंड दुसरीकडे करते. तिला त्याची लाज वाटते आणि मला ते थांबवता येत नाही. दोन चकल्या खायला बराच वेळ लागतो, तोवर ती समोर बसते.

कालचा रिपोर्ट जरा बरा आहे. चालतो रोज.

ताई, दुकान उघडलंस असं ऐकलं, बरं केलंस. पण तुझी पत्रं बंद झाली ते बरं नाही. ही तुला लिहीत नाही, पण सकाळी पोस्टमनची सायकल थांबली की आधी तीच उठते. तू ये. दोनचार दिवस राहा. डबा आणू नकोस, भाजलेला नाही, तळलेला नाही, पिठाचाही नाही. वाटेत कुठे फळं दिसली म्हणून तीही घेऊ नकोस.

रिकाम्या हाताने ये. तुला किती अवघड जाईल ते मला माहीत आहे. मी दारातच उभा राहीन.

तुझा
पिल्या